कूस मॅडम

आमच्या मॅडम आडव्या पडून शिकवायच्या. वर्गात शिरल्या, की पर्स खिडकीत ठेवायच्या, चष्मा काढून पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात द्यायच्या आणि भिंतीलगतच्या लोखंडी कॉटवर सरळ जाऊन पडायच्या. मग छताकडे बघत म्हणायच्या, "मी आता म्हातारी. अर्धांग झालंय, उजवी बाजू गेली. काय कराल माझं?" पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी अवाक् होऊन नुसत्या उभ्या राहिलो. इस्त्रीच्या साडीतली, साठी ओलांडलेली बाई आमच्यासमोर लुळी होऊन पडली होती आणि तिला हात लावायची कुणाची छाती होईना.

मी मखमलाबादची. आमच्याकडे झेंडू, शेवंती, गुलाब. पहाटे फुलं तोडायची आणि बाजारात न्यायची. मी रुग्णसेवा सहायकाच्या कोर्सला नाव घातलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, हातातली फुलांची पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले. "परक्याची घाण काढायला कोर्स लागतो?" त्यांनी विचारलं. गंगापूर रोडला एका औषधाच्या दुकानावर आमचा वर्ग भरायचा. काही महिने वर्गात शिकायचं, काही महिने वॉर्डात काम करायचं, मग बाहेरचा परीक्षक येणार आणि त्याने पास केलं तर सर्टिफिकेट मिळणार. ते हातात आलं की वृद्धाश्रमात, दवाखान्यात, घरोघरच्या खाटेवरच्या माणसांकडे काम.

मॅडम सरकारी दवाखान्यात आयुष्यभर सिस्टर होत्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना म्हणून शिकवायला आल्या. यजमान गेलेले, एकुलता मुलगा बंगळुरूला. माहेर बागलाणात, नामपूरला. आमच्याशी शुद्ध बोलायच्या, पण संताप आला की थेट अहिराणीत घुसायच्या. वॉर्डात एकदा मी आणि दुसऱ्या एका मुलीने एका आजोबांना भर्रकन ओढून वर सरकवलं, तर मॅडम दारातूनच कडाडल्या, "ओ बाई! माणूस शे तो, कांदानं पोतं नही!" आजोबांनाच हसू फुटलं. ते मालेगावकडचे निघाले.

त्यांचं 'कूस मॅडम' हे नाव आमच्या आधीच्या बॅचने ठेवलं होतं. खाटेवरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, एवढं एकच वाक्य त्या इतक्यांदा म्हणायच्या की आम्ही झोपेत बरळायचो. जेवणाच्या सुट्टीतही डबा उघडता उघडता विचारायच्या, "कूस नाही बदलली तर काय होईल?" आम्ही एका सुरात म्हणायचो, "बेडसोअर." त्यावर त्या मान हलवायच्या. "शब्द पाठ आहे. जखम पाहिली नाही अजून तुम्ही. देव करो आणि पाहायला न लागो."

नुसतं सांगून त्यांचं समाधान व्हायचं नाही. एकदा त्यांनी मला कॉटवर झोपवलं आणि पाठीखाली चादरीची एक चुणी मुद्दाम तशीच ठेवली. हलायचं नाही, अशी ताकीद. थोड्या वेळाने ती चुणी मला दोरीसारखी वाटायला लागली, मग काठीसारखी. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे त्यांनी मला उठवलं. "तू सांगू शकली असतीस तरी एवढं सोसलंस. ज्याला सांगताच येत नाही, त्याचं काय?" त्या स्वतः आडव्या पडायच्या तेव्हा आधी चादरीवर पेलाभर पाणी ओतून घ्यायच्या. ओल्या अंथरुणातला माणूस कसा कोरडा करायचा, हे कोरड्या अंथरुणावर येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आमची प्रात्यक्षिक परीक्षा होती त्या सकाळची गोष्ट. परीक्षेसाठी आणलेल्या पुतळ्याचा हात खांद्यातून निखळला. परीक्षक पुण्याहून आलेले, तरुण, हातात टॅब. ते म्हणाले, "पुतळा नसेल तर परीक्षा पुढे ढकलावी लागेल." मॅडमनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मी पडते की. हे मला रोजचंच आहे."

माझा नंबर बऱ्याच मुलींनंतर आला. उजवी बाजू गेलेला पेशंट, त्याला कुशीवर घ्यायचं आणि खालची चादर बदलायची. मी जवळ जाऊन शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "मॅडम, मी आता तुम्हाला कुशीवर घेतेय." त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नसतंच, म्हणून मी पाठीखाली हात सरकवला. चादर ओली होती. त्यातही नवल नव्हतं. पण ते पाणी कोमट होतं.

मी हात तसाच ठेवून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला होता. डावा हात कॉटवरून खाली लोंबत होता. त्या रोज उजवी बाजू लुळी पाडायच्या. डावी कधीच नाही.

"वा, पेशंट अगदी खरा वाटतोय," मागून परीक्षक म्हणाले. "पुढचं करा."

"सर, हे खरं आहे."

ते हसले. "हो, हो. करा पुढचं."

"मॅडम, दोन्ही हात वर करा," मी ओरडले. उजवा हात वर आला. डावा आलाच नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत जे होतं ते मी कधी विसरेन असं वाटत नाही. आपल्याला काय होतंय हे त्यांना पुरतं कळत होतं. जड जिभेने त्या एवढंच म्हणाल्या, "गाडी... बोलाव." परीक्षकांच्या हातातला टॅब खाली पडला.

दवाखाना जवळ होता म्हणून वेळेत पोचलो. डॉक्टरांनी जीव वाचवला. डावी बाजू मात्र परत आली नाही आणि बोलणं असं अडखळलं की निम्मे शब्द तोंडातच राहायचे. मुलगा धावत आला. महिनाभर राहिला, रात्रंदिवस केलं, पण नोकरी सोडून किती राहणार? त्याने शोधून शोधून धरणाकडच्या रस्त्यावरचं एक वृद्धसेवा केंद्र निवडलं. बाहेर हिरवळ, स्वागतकक्षात माशांची काचपेटी, प्रत्येक खोलीला खिडकी. मॅडमच्या खिडकीतून द्राक्षबाग दिसायची.

आमची परीक्षा नंतर पुन्हा झाली. मी पास झाले आणि सर्टिफिकेट घेऊन नाशिकरोडला एका आजींच्या घरी कामाला लागले. मॅडमच्या मुलाला फोन केला की तो म्हणायचा, "आई छान आहे. रोज व्हिडिओ कॉल करतो." पहिली सुट्टी मिळाली तशी मी शेवंतीची फुलं घेऊन भेटायला गेले.

व्यवस्थापक बाईंनी माझं हसून स्वागत केलं. "आमच्या फार लाडक्या आहेत त्या," मला जिन्याने वर नेता नेता त्या म्हणाल्या. "जेवण नीट नाही. पण दिवसभर 'ऊस, ऊस' करतात. म्हणून रोज त्यांच्यासाठी उसाचा रस मागवतो आम्ही."

मी जिन्यातच थांबले.

"काय म्हणतात त्या?"

"ऊस. बोलणं स्पष्ट नाही ना. पण रस दिला की पितात बिचाऱ्या, आणि पुन्हा ऊस."

मी धावतच वर गेले. मॅडम उताण्या होत्या. केस विंचरलेले, कपाळाला बारीक टिकली, गालावर पावडर. उशाशी रसाचा पेला. एक पोरसवदा बाई त्यांचे पाय चेपत बसली होती. खोलीत पावडरच्या वासाखाली दुसरा एक वास होता. मला पाहिल्यावर मॅडमचे डोळे भरून आले आणि त्या म्हणाल्या, "...ऊस."

"हो मॅडम. घेते कुशीवर," मी म्हटलं आणि त्यांना वळवलं.

माकडहाडावर माझा तळहात मावेल एवढी जखम होती. काठ काळे पडलेले, आत खोल. जो शब्द आम्ही डबा खाता खाता एका सुरात उत्तर म्हणून द्यायचो, तो तिथे उघडा पडलेला होता, आणि तोही मॅडमच्या पाठीवर. त्या रोज मदत मागत होत्या आणि लोक त्यांना प्रेमाने रस पाजत होते. मला ओरडावं की रडावं कळेना. मी ओरडले. त्या बाईला काय काय बोलले ते आठवत नाही.

तिचं नाव यमुना. पेठ तालुक्यातली, कामाला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोने पाठवलेली. ती भिंतीला टेकून उभी होती. "हलवलं का त्या कण्हायच्या, ताई," ती म्हणाली. "त्यांना दुखतं म्हणून मी नाय हलवलं. खाली कपडा बदलायची तो पण अलगद, अंदाजानं. मला कोणी सांगलंच नाय."

मी व्यवस्थापक बाईंना विचारलं, "हिला शिकवलंय कुणी? कोर्स, काहीतरी?" त्याही माझ्यामागून आत येऊन जखमेकडे बघत होत्या. "दोन दिवस जुन्या मुलींबरोबर ठेवतो आम्ही. सगळ्या अशाच शिकतात," त्या पुटपुटल्या. "कोर्स केलेल्या मुली मिळतात कुठे?" दुष्ट बाई नव्हती ती. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. तिथे कुणीच दुष्ट नव्हतं.

एवढ्यात मॅडमनी उजव्या हाताने माझा पदर ओढला. मी वाकले. एकेक शब्द गोळा करत त्या म्हणाल्या, "तिच्यावर... ओरडू नको. शिकाड तिला." मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा ओढलं. "आत्ता. इठंच."

आणि मग त्या दुपारी मी यमुनाला मॅडमच्या अंगावरच धडा दिला. आधी जखम दाखवली. ती पाहून यमुना मटकन खाली बसली. तिला पाणी पाजून उठवलं. हात कुठे ठेवायचा, गुडघा कसा दुमडायचा, पाठीमागे उशी कशी लावायची. यमुनाचा हात चुकला की मॅडम कण्हायच्या आणि कण्हता कण्हताच "खांदा... खांदा धर" म्हणायच्या. स्वतःच्या सडलेल्या पाठीवर शिकवणारी बाई मी पाहिली आहे.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मला रोज आईचा चेहरा दाखवायचे. फक्त चेहरा." तो विमानाने यायच्या आत नामपूरहून मॅडमचे थोरले भाऊ आले. नाना त्यांचं नाव. सत्तरी पार केलेले, पांढऱ्या मिशा, अजूनही कांद्याच्या ट्रॉलीवर चढून उभे राहणारे. बहिणीजवळ बसून त्यांनी एवढंच म्हटलं, "चाल माय, घर चाल."

नामपूरला डॉक्टर येऊन ड्रेसिंग करायचे. मी आजींच्या घरून रजा काढून गेले, ती नानांच्या सुनेला सगळं शिकवायला. पहिल्या सकाळी पाण्याची बादली घेऊन खोलीत आले तर सुनेच्या शेजारी नानाच बाह्या सरसावून उभे. मी म्हटलं, "नाना, तुम्ही बाहेर थांबा. हे सगळं पुसायचं, धुवायचं..."

"मनी बहीन शे ती," ते म्हणाले. "माले शिकाडा."

सून खाली बघू लागली. दारातल्या शेजारणीने तोंडाला पदर लावला. भावाने बहिणीचं असलं करायचं? नाना शेजारणीकडे वळून शांतपणे म्हणाले, "धाकली व्हती तव्हय मीच तिले धुयेल शे." मग मला म्हणाले, "सांगा." मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. मिटलेल्या पापण्यांतून पाणी उशीवर उतरत होतं, पण त्यांनी नको म्हटलं नाही.

नाना शिकले. पाखरू उचलावं तसे बहिणीला कुशीवर घ्यायचे. जखम भरायला फार दिवस लागले. शेतातला उन्हाळ कांदा निघून साठवणीच्या चाळीत गेला, तेव्हा कुठे नानांचा फोन आला, की आज पट्टी काढली. मी इकडे मोठ्याने रडले. यमुना तोपर्यंत आमच्याच कोर्सला बसली होती आणि त्या दिवशी मला भेटायला आली होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि मॅडमशी बोलायला मागितलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मॅडम गेल्या. दुसरा झटका, दुपारी, सुनेशी बोलता बोलता. मी पोचले तेव्हा नामपुरात बाजार होता, कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला. सगळं आटोपून गेलेलं. घरी माणसांची गर्दी होती. नाना ओट्यावर एकटेच बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

थोड्या वेळाने समोरच्या घरातली सून दबकत आली. तिचे सासरे पाय मोडून खाटेला खिळले होते, आणि पाठ लाल झाली होती. "आज इचारनं बरं नही," ती म्हणाली आणि तशीच परत वळली. माझी पिशवी अजून खांद्यावरच होती. मी ती उतरवून उठणार, तेवढ्यात नाना उठले. चेहऱ्यावरून उपरणं फिरवलं, हौदावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि तिला म्हणाले, "चाल. तू बी देखी ले, तुलेच करनं शे."