रंगाऱ्याचं पांढरं ताट

लोकरीच्या कारखान्यातला रंगारी पन्नाशीला टेकला, तरी त्याच्या ताटात पाचच गोष्टी येत. भात, पाव, उकडलेला बटाटा, मैद्याची बिस्किटं आणि साखर. साखर काही धरायची नसते, असं बायको म्हणायची. तर तो म्हणायचा, "मग चार." दूधही पांढरंच, पण त्यावर साय धरते, म्हणून ते बाद. मीठ चाले, तेही भातात पूर्ण विरघळलं असेल तर.

कोपरापर्यंत रंगलेले हात आणि डब्यात पांढराफटक भात, म्हणून कारखान्यात त्याला पांढरपेशा म्हणत. तोही हसायचा. हसण्यावारी नेलं की लोक पुढचं विचारत नाहीत, हे त्याला लहानपणीच कळलं होतं.

असं का, तर त्याला कारण नव्हतं. लोकांना कारण लागतं. कुणी मारून भरवलं असेल, काही तरी नासकं पोटात गेलं असेल, असं म्हणत. तसलं काही नाही. पानात भाजी पडली की त्याच्या घशाला कुलूपच लागायचं. दाताखाली देठ आला, साल आली, बी आलं, की पोट ढवळून यायचं आणि डोळ्यांतून पाणी. आई होती तोवर तिने वेगळं ताट केलं. ती गेली आणि बायको आली, तिने पहिली दोन वर्षं भांडून बघितलं, रुसून बघितलं, मग हात टेकले आणि बटाटे उकडायला लागली. लग्नाकार्याला हा माणूस घरून बिस्किटं खाऊन जायचा आणि तिथे पंगतीत "पोट बरं नाही" म्हणायचा. तीस वर्षं त्याचं पोट बरं नव्हतं.

कामात मात्र त्याच्यासारखा तोच. गिऱ्हाइकाने बोटभर धागा पाठवायचा आणि तसाच रंग हजार लड्यांना चढवून मागायचा. रंगारी तो धागा खिडकीपाशी नेई, उजेडात उलटासुलटा करी आणि म्हणे, "ह्यात लाल आहे, पण मागे दडलाय." मग शंभर ग्रॅम लोकरीला ह्या रंगाचे एवढे ग्रॅम, त्या रंगाचे तेवढे, असं तोंडानेच सांगे. वजनकाट्यावर घालून बघावं तर तेवढंच. "आमचा कारखाना ह्यांच्या डोळ्यांवर चालतो," असं मालक म्हणायचे. पाहुणे आले की म्हणायचे, एरवी नाही.

त्या वर्षी एका शाळेच्या स्वेटरचं काम आलं. गडद लाल लोकर, दोन खेपांत रंगवायची. पहिली खेप गेली. दुसरीही गेली. आणि पंधरा दिवसांनी एक स्वेटर टेबलावर येऊन पडला, ज्याची एक बाही लाल होती आणि दुसरी विटक्या विटेसारखी.

रंगाऱ्याने तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि म्हणाला, "काय झालंय ह्याला?"

हौदावर लोकर बुडवणारी बाई शेजारीच उभी होती. वीस वर्षं त्याच्याबरोबर काम केलेली. तिला वाटलं थट्टा करतोय. "दादा, दोन बाह्या दोन रंगांच्या आहेत."

"ते दिसतंय मला," तो म्हणाला. पण त्याला ते दिसलं नव्हतं.

मग त्याने जगातल्या सगळ्या गोष्टींना दोष दिला. पाण्यात खार वाढलाय म्हणाला. खिडकीच्या काचा घासून घेतल्या. दिवे बदलायला लावले. रंगाचे डबे शिळे आहेत म्हणून परत पाठवायला लावले. तीन आठवडे हे चाललं. हौदावरची बाई प्रत्येक लडी हळूच नमुन्याशेजारी धरायला लागली, आणि चुकली असली की "जरा परत बघा ना दादा" म्हणायला लागली. दादा परत बघायचा. जे पहिल्यांदा दिसायचं तेच दुसऱ्यांदा दिसायचं. आताशा समोरच्या माणसाच्या तोंडावर मधोमध धुकं बसल्यासारखं व्हायचं, कडेचे कान तेवढे नीट दिसायचे.

शेवटी बायकोने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. "आकडा सांगा."

"कुठे आहे आकडा?"

बाईंनी पान उलटलं. "ह्यात?"

त्याने पुस्तक तिरकं करून पाहिलं.

"दारू?" "नाही." "तंबाखू?" "नाही." "जेवणखाण?"

"सगळं खातो," तो म्हणाला.

मागे बायकोची खुर्ची करकरली. "बाई, ह्यांचं सगळं म्हणजे पाच. साखर धरून."

बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "डोळ्यामागे नस असते. तिला लागतं ते तुमच्या पोटात जातच नाही. ती उपासमारीनं वाळत चालली आहे. मी सुया देते, गोळ्या देते. पण त्या किती दिवस पुरणार? पालेभाजी, अंडं, डाळ, हे खावं लागेल. आणि जे गेलंय ते सगळं परत येईलच असं सांगत नाही. राहिलंय ते वाचवायचं बघू."

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "सुया चालतील मला. रोज दिल्या तरी."

घरात सासू होती. पाय मोडल्यापासून लेकीकडे येऊन राहिलेली, तोंडाने खमकी, जावयावर जीव. तिने ऐकलं आणि म्हणाली, "जावईबापू, तुम्हाला आता लाल-हिरवं दिसत नाही ना? मग घाबरता कशाला? डोळे मिटून गिळा."

"रंगाचं काय घेऊन बसलात आई. ते दाताखाली येतं."

"माझ्या तर दातच नाहीत. मी नाही का खात?"

तो हसला नाही. त्या दिवशी पालकाचं एक पान तोंडात घातलं आणि मोरीकडे पळाला. दुसऱ्या दिवशी अंडं, तीच गत. तिसऱ्या दिवशी ताटावर बसल्या बसल्याच घाम फुटला. पन्नास वर्षांचा बाप्या चार बोटं पालकापुढे रडत बसला आणि बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मग त्याने आपल्या धंद्याची रीत काढली. घरात वजनकाटा आणला. शंभर ग्रॅम कुस्करलेला बटाटा, त्यात एक ग्रॅम वाटलेला पालक. एवढ्याने बटाट्याला कळतही नाही. ते खाल्लं. तीन दिवस एक ग्रॅम, मग दोन, मग तीन. लोकरीला चढलेला रंग उतरवता येत नाही, पण इथे मागे सरता येत होतं. सातला उमासा आला तर परत सहावर. अटी दोनच होत्या. काटा त्याने स्वतः बघायचा, आकडे मोठे होते म्हणून दिसायचे. जेवताना कुणी त्याच्याकडे बघायचं नाही, शाबास म्हणायचं नाही.

पाच आठवड्यांत तो नवावर आला.

सासूला हे बघवत नव्हतं. एवढ्याशा पालकाने डोळे कधी वाचायचे? एके सकाळी लेक बाहेर गेली होती. रंगाऱ्याने मोजून ठेवलेल्या वाडग्यात सासूने आणखी दोन चमचे पालक कालवला, वर उकडलेल्या अंड्याचा बलक. तिला वाटलं, रंग तर दिसत नाही, कळायचं कसं?

त्याला पहिल्याच घासाला कळलं. गिळलेलं सगळं बाहेर आलं. तोंड धुऊन तो परत आला, वाडगा उचलून खिडकीपाशी नेला, उलटासुलटा केला, नाकाला लावला. मग वाडगा सासूपुढे ठेवला.

"आई, हे आंधळ्याला फसवणं झालं."

"तसं नाही हो—"

"तसंच आहे."

त्या दिवसापासून परत भात, पाव, बटाटा. काटा कपाटावर गेला. बायको आईला बोलली, आई रडली, रडून म्हणाली, "त्यांचे डोळे जातील ह्या भीतीनं केलं गं." बायको म्हणाली, "त्यांच्या तोंडाला तुझा भरवसा राहिला नाही, आता माझा तरी कसा राहील?" आणि खरंच, तिने शिजवलेला साधा भातही तो बोटाने चिवडून बघायला लागला. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली बाई, तिला ते जिव्हारी लागलं. दोन आठवडे घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

मग एका सकाळी कारखान्यात त्याने उजवा डोळा हाताने झाकला आणि डाव्याने समोरच्या तीन लड्यांकडे पाहिलं. लाल, तपकिरी, हिरवा, तिन्ही राखेच्या रंगाच्या दिसल्या. हौदावरच्या बाईला हाक मारली. "ह्यातली लाल कुठली?"

तिने बोट ठेवलं. बोटही त्याला मधोमध दिसलं नाही. बाई म्हणाली, "दादा, मी तीन महिने तुमच्या चुका झाकतेय. आता मला भीती वाटते. रागवा हवं तर."

तो रागावला नाही. टोपी घातली आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी तपासलं. डावा बराच खाली गेला होता, त्यातलं आता फारसं परतायचं नाही म्हणाल्या. उजवा अजून धरून होता. "अजून," त्या परत म्हणाल्या.

घरी आल्यावर त्याने कपाटावरचा काटा काढला, पुसला आणि ओट्यावर ठेवला. सासू कोपऱ्यात बसली होती. "चुकले मी, जावईबापू," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. मग टोपलीतला बटाटा तिच्यापुढे ठेवला. "आई, बटाटा सोलून द्याल का? वजन मी करतो."

नवावरून नाही, परत एकवरून सुरुवात करावी लागली. वर्ष गेलं त्यात. वीसवर महिनाभर अडकला. डाळ सुरू झाली ती पाण्यासारखी, अंड्याचा पांढरा भाग आधी, कारण तो निदान ओळखीच्या रंगाचा. बलकाला आणखी चार महिने. कित्येकदा मोरीकडे पळाला, कित्येकदा ताट सरकवून उठला आणि घटकाभराने परत येऊन बसला. आवड म्हणून काही लागली नाही. लोक म्हणतात एकदा चव कळली की माणूस मागून खातो. ह्याला चव कळली, म्हणूनच जास्त त्रास झाला.

उजवा डोळा राहिला. मोठी अक्षरं वाचता येतात, रस्ता ओलांडता येतो, माणसाचं तोंड तोंडासारखं दिसतं. लाल मात्र परत आला नाही. मालकांनी त्याला खिडकीपासून उठवून वजनांच्या टेबलाशी बसवलं. आता हौदावरची बाई नमुना उजेडात धरते आणि सांगते, "दादा, तपकिरी आहे, पण आत काही तरी तांबूस." तो डोळे मिटून ऐकतो, दोनतीन प्रश्न विचारतो आणि वजनं सांगतो. बहुतेक वेळा जमतं. नाही जमलं तर बाई कमी बोलते आणि तो जास्त वेळ हात धुतो.

परवा पालकाची भाजी होती. बटाट्यात कालवलेली नाही, नुसती. तो खाली मान घालून खात होता, दर घासामागे घोटभर पाणी. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सासू तर मुद्दाम दाराकडे तोंड करून बसली होती. शेवटचा घास गेला, त्याने ताट पुढे सरकवलं, तोंड पुसलं.

"अजिबात आवडली नाही," तो म्हणाला.

"माहितीये," बायको म्हणाली. "उद्या कुठली आणू?"