साबणाशिवाय निघालेली पाटली

चंदनी साबणाचा वास आला की करी रोडच्या आमच्या खोलीतली मोरी आठवते, कारण आईच्या पाटल्या साबणाचा फेस केल्याशिवाय मनगटातून निघत नसत. तिची पन्नाशी उलटल्यावर एका दुपारी कपडे धुताना त्यातली एक आपसूक घसरून फरशीवर पडली. "बघ, बारीक झाले मी," आई हसून म्हणाली. "मग परकराची नाडी का पुरत नाही तुला?" मी विचारलं, कारण त्याच आठवड्यात तिने नाडीला जुन्या साडीची पट्टी जोडली होती. संध्याकाळी मी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्यावर तिचं वजन पूर्वीइतकंच भरलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला टेप लावली, दंड चाचपले, बोट टोचून साखर तपासली. "काकू, वयाबरोबर हातापायाचं मांस झडतं आणि चरबी पोटात साठते. साखर वाढलीय, त्यात याचाही हात आहे." आई दमलेल्या आवाजात म्हणाली, "जन्मभर मी घरातलं सामान हलवलं, आता शरीर त्याचं त्याचं हलवतंय." घरी परतल्यावर जिना चढताना तिने पाटली मुठीत धरली होती. काल माझी बांगडी साबण न लावताच निघून खाली पडली. ती उचलायच्या आधी माझा हात सलवारीच्या नाडीकडे गेला.