शेवटच्या वळणावर

बाळांनो, आज मैदानावर आपल्या शेजारच्या रेखामावशीची राज्य संघासाठी निवड चाचणी होती. किती वर्षं ती चाकाच्या खुर्चीच्या शर्यतीत उतरते आहे! यंदा निवड झाली नाही तर थांबायचं, असं तिनं ठरवलं होतं. शेवटच्या वळणावर तिचा वेग मंदावला आणि आपले नानाआजोबा खुर्ची ढकलायला थेट आत धावले.

"अहो नाना, मागे व्हा! हात लागला तर मी बाद!"

नाना जागीच थबकले. रेखानं मान खाली घातली आणि जाड हातमोज्यांच्या मुठी चाकांवर मारत ती पुढे निघाली.

माया असली की आपले हात आधी पुढे होतात. ते आवरून नुसतं बघत राहणं, समोरच्याच्या ताकदीवर विश्वास ठेवणं, हीसुद्धा मायाच आहे. तुम्ही दूर गेल्यापासून मी ती शिकते आहे, आणि आता मला ती जमतेही.

रेखा दुसरी आली. संघात तिचं नाव लागलं. नाना ओशाळून लांबच उभे होते.

"या की नाना," ती धापा टाकत म्हणाली, "आता घरापर्यंत खुशाल ढकला. हात पार गळून गेलेत माझे!"