काढू नये अशी ओळ

नीळकंठभाऊ संगणकाला शिव्या देत, पण त्याही आदराने. "वा साहेब, तुमाले तं जास्तच समजते!" हे साहेब म्हणजे आमच्या डेटाबेसमधला ऑप्टिमायझर. आपण लिहिलेली क्वेरी, म्हणजे माहिती मागणारी आज्ञा, कशी चालवायची ते हा ठरवतो, आणि लिहिणाऱ्याला अक्कल नाही अशा गाढ श्रद्धेने ती परस्पर बदलतोही.

भंडाऱ्यात आम्ही दोघे एका संस्थेची रक्तदात्यांची यादी सांभाळायचो. 'शेवटचे रक्तदान कधी' या रकान्यात कित्येकांनी तारखेऐवजी 'दिवाळीनंतरच्या मंडईत' असे लिहिलेले; मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा. भाऊंनी आतल्या क्वेरीत आधी असल्या नोंदी गाळल्या आणि बाहेरच्या क्वेरीत उरलेल्या तारखा तपासायला सांगितल्या. साहेबांनी दोन्ही एकत्र केल्या, तपासणी आधी उरकायला घेतली, आणि पहिल्याच मंडईत आडवे झाले.

"आपण सांगतो एक, हा करते एक!" म्हणत भाऊंनी आतल्या क्वेरीच्या शेवटी एक ओळ घातली: पहिल्या शून्य नोंदी सोडून दे. म्हणजे काहीच करू नको. पण ही ओळ दिसली की साहेब आतली क्वेरी आधी, वेगळी आणि मुकाट्याने चालवतात. यादी आली. भाऊंनी शेजारी टीप लिहिली: 'ही ओळ काही कामाची नाही. काढू नये.'

"जास्तीच्या हुशाराले बिनकामाचं काम द्यावं, सुतासारखा सरळ होते," हे त्यांचे तत्त्वज्ञान. ते घरीही सर्वांना जेवताना ऐकावे लागे.

गंमत अशी, की साहेबांचा सख्खा भाऊ भाऊंच्याच खुर्चीत बसत असे. वहिनींनी मेथी सांगितली की भाऊ वांगी आणत, वर "तुले वांगेच खायचे होते" म्हणत. मुलीला, रोशनीला, पाहायला कोंढ्याचे पाहुणे आले तेव्हा वहिनींनी बजावले होते, "पहिले चहापोहे होऊ द्या, मंग बोला." भाऊंनी वेळ वाचवला. पाहुण्यांचा एक जोडा पायातच होता, तेवढ्यात दारात विचारले, "पोरगी पसंत हाये ना? तं मंग तारीख काढू." पाहुण्यांनी काढलेला जोडा परत घातला.

पुढच्या वेळी येणार होते ते रोशनीने स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील, दिघोरीहून. ते आधीच नाराज. जेवून जरा निवळले तरच बोलण्यात अर्थ होता. पोरीच्या तोंडचे पाणी पळाले होते. मी मदतीला गेलो होतो, पण मलाही देवच आठवत होता.

पाहुणे ओसरीवर चढले, भाऊंनी तोंड उघडले, तोच वहिनी म्हणाल्या, "अजी, देवापुढचा नारळ हातात घेऊन बसा. जेवणं झाले का ठेवून द्या."

"काहून?"

"तसंच राहते."

देवाचे काम, त्यात बदल करणार कसा? भाऊ देवघरात नारळ धरून बसले. बाहेर वांग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढली गेली, दिघोरीवाले हसायला लागले. भाऊ बाहेर आले तेव्हा मुलाचे वडील स्वतःच तारखेचे विचारत होते.

लग्नानंतर मी भाऊंना नारळावरून छेडले. "समजते मले," ते म्हणाले. "माह्यीच ओळ माह्यावर चालवली तिनं." पण इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मागच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. भेटायला गेलो तेव्हा देवघरात तोच नारळ होता, सुकून खुळखुळा झालेला. मी तो सहज उचलायला गेलो.

"काही कामाचा नाही तो," वहिनी म्हणाल्या. "पण काढू नोको."