साडूंचा फ्रिज आणि अव्वांचं लोणी

देवानं माणसाला अडचणी दिल्या त्या यंत्रांचा खप व्हावा म्हणून, आणि यंत्रं निघाली ती आमच्या साडूंसाठी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. भाकरी थापायचं यंत्र त्यांच्या गल्लीत पहिल्यांदा आलं ते त्यांच्याच घरी. त्यातून निघालेली भाकरी मेहुणीनं दाराला अडसर म्हणून लावली. पाय चेपायचं यंत्र त्यांनी हौसेनं चढवलं, तेव्हा पाय सोडवायला शेजारच्यांना बोलवावं लागलं. यंत्रासोबत येणारा माहितीचा कागद ते कधी वाचत नाहीत. "दाजी, कागद वाचून कोण पैलवान झालाय व्हय?" असं वर मलाच विचारतात.

अव्वा म्हणजे आम्हा दोघांच्या सासूबाई. कर्नाटकच्या सीमेकडच्या खेड्यात राहतात आणि कांद्यालाही विचारपूस करून घरात घेतात. त्यांची धाकटी लेक साडूंनी प्रेमविवाह करून नेली, आणि साडू पडले रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत पहिला नंबर लावणारे. नातवंडं कॉलेजात गेली तरी अव्वांनी त्या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता. उंबऱ्याशी टेकायच्या, लेकीला डोळे भरून बघायच्या आणि जेवायला पेठ वडगावला आमच्याकडे यायच्या. मी घरच्यांनी पसंत केलेला जावई, त्यामुळे सगळी साय माझ्या वाटीत. साडू हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं त्यांना. एकदा न राहवून म्हणाले, "आमच्या घरात एक कप दूध प्याल्या ना दाजी, तर मी जिंकलो. बाकी काय नको."

मग अव्वांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. दवाखाना साडूंच्या घराजवळ, तेव्हा चार दिवस तिथंच राहणं आलं, जेवणपाणी मात्र आमच्याकडून डब्यात. साडूंनी फ्रिज उघडला आणि त्यांचं धाबं दणाणलं. वर्षानुवर्षं तांबडा रस्सा, सुकट आणि मुरवलेलं मटण पोटात घातलेला तो फ्रिज. त्यातला बर्फ सरबतात टाकला तरी सरबताला फोडणी दिल्यासारखी वाटे. साडूंनी मटण मित्राच्या फ्रिजात हलवलं, कप्पे सोड्यानं घासले, आणि ओझोन वायू सोडून वास घालवणारी एक पांढरी डबी आत बसवली. एकीनं भागेना म्हणून आणखी दोन आणल्या. निळे दिवे लुकलुकू लागले. मटणाचा वास गेला हे खरं, पण झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला कोरडा, घशाला टोचणारा दर्प आला. मी ठसकलो तर म्हणाले, "ह्यो वास न्हवं, ही स्वच्छता हाय."

अव्वा आल्या त्या गावाकडून लोण्याचं गाडगं घेऊन. साडूंनी ते देवासारखं वरच्या कप्प्यात ठेवलं आणि तिथून त्यांचा जीव फ्रिजात अडकला. तासातासाला दार उघडायचे, डोकं आत घालून हुंगायचे, डबीचं बटण दाबायचे. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी बांधून अव्वा दुसऱ्या, उघड्या डोळ्यानं हे सगळं बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. "दाजी, लगेच या. अव्वा पिशवी भरायल्यात!"

मी पोचलो तेव्हा अव्वा काळा चष्मा लावून, गाडगं मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या होत्या. मी कारण विचारलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या लोण्याचा वास सोसंना ह्यांस्नी. सारखं हुंगत्यात, यंत्र लावत्यात. म्हातारीचं काय बी असू दे, वास येतोयच की. कशाला त्रास द्यायचा?"

साडू कॉटपाशी येऊन खाली बसले. "अव्वा," ते म्हणाले, "तुमच्या लोण्याचा न्हाय हो. आमच्या मटणाचा. तुमी इथं एक कप दूध प्यावं, यवढ्यासाठी केलं सगळं."

अव्वांनी गाडग्यात बोट घालून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. लोण्याला त्या तीन डब्यांनी पार खवट करून टाकलं होतं. "येड्यागत करताय," त्या म्हणाल्या. "ती डबडी आदी बाहेर टाका. आन् दूध तापवा, साखर घालू नका."

साडूंनी दूध तापवलं आणि नको सांगूनही साखर घातली. अव्वा ते सगळं प्याल्या. त्या दिवशी मला माझ्या साडूंचा हेवा वाटला, अगदी मनापासून.

अव्वा आता फार थकल्यात. प्रवास झेपत नाही आणि माणसांची ओळखही हातून निसटत चाललीय. साडू रविवारचं मटण सोडून सकाळच्या एसटीनं त्यांच्याकडे जातात, कधी मीही बरोबर असतो. साडू कानाशी वाकून ओरडतात, "अव्वा, मी! मटणवाला जावई!" सुरकुतलेला चेहरा हळूहळू उजळतो. त्या चाचपडत त्यांचा हात शोधतात, लेकराचा धरावा तसा घट्ट धरतात, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनाच विचारतात, "आन् ह्ये पावणं कोण म्हणायचं?"