दलदलीतून परत आलेली तार

हिल्क्काने आमच्या सुओपेरा गावात सदतीस वर्षं टपाल वाटलं. निवृत्त झाल्यावर ती घरी स्वस्थ बसेल असं वाटलं होतं. कसलं काय!

शाळेत सात मुलं उरली होती, त्यातली एक माझी नात. तालुक्याने कळवलं की शहरातल्या शिक्षिकेचे तास पडद्यावर न तुटता चालले तरच शाळा राहील. नाहीतर मुलांनी रोज चाळीस किलोमीटर बसने जायचं. आमच्या जुन्या तारेवर चित्र हलायचं कमी आणि थिजायचं जास्त. मग गावानेच फायबर टाकायचं ठरवलं आणि हिल्क्काने कंबर कसली.

सभेत तिने टपालाचा जुना नकाशा पसरला. "घाबरू नका. घरातले फोन, कम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते घरचं जाळं. आपली एकेचाळीस घरं जोडली की गावचं. त्याहून मोठं शहराचं, आणि देश-समुद्र ओलांडून जातं ते जगाचं. टपालच आहे हे. निरोपाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. नाक्यावरचं यंत्र पत्ता वाचतं आणि पुढे धाडतं."

"आणि शेवटच्या घरानंतर?" मी विचारलं.

"शेवटचं घरच नको. तिथून तार दलदलीतून फिरवून परत नाक्यावर आणायची."

म्हणजे तीन किलोमीटर जादा चर, तोही चिखलात. मी उठलो. "अगं, सरळ तारेने भागतंय. तुला फेरी मारायची सवय, म्हणून आम्ही दलदल उकरायची?"

सगळे हसले. ती नाही हसली. "काउको, माझ्या वाटेवरचा पूल चार वेळा वाहून गेला. एक पत्र तरी चुकलं का तुझं? मी उलटीकडून यायचे."

दोन मतांच्या फरकाने तिचं म्हणणं मान्य झालं. आमच्याकडे सगळ्यांचं काम सगळ्यांनी मिळून करायचं असतं, त्याला आम्ही ताल्कूत म्हणतो. विरोधात मत देणाऱ्यानेही फावडं घेऊन यायचं. न येणाऱ्याचं नाव तीन पिढ्या निघतं. म्हणून मीही गेलो. सबंध सप्टेंबर दलदलीत बूट रुतत होते आणि वाटाण्याच्या सूपबरोबर मी रोज तोच विषय उगाळत होतो. हळूहळू बाकीचेही कुरकुरू लागले. एकदा बर्चच्या झाडाआड हिल्क्का हातमोज्याने डोळे पुसताना दिसली. मला वाईट वाटलं. तरी माझं तोंड थांबलं नाही, हे कबूल करतो.

नोव्हेंबरात तालुक्याचे दोन अधिकारी तास बघायला आले. नेमका त्याच सकाळी मी खोदायचं छोटं यंत्र लावून नव्या सौनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा, पाया खणत होतो, कारण जमीन गोठायला आली होती. तार कुठून गेलीय ते हिल्क्काला ठाऊक, म्हणून खणण्याआधी तिला विचारायचं असा गावाचा नियम होता. पण तिला विचारायचं, आणि मी? यंत्राची बादली वर आली तेव्हा बादलीच्या दातांत तारेची तुटलेली नारिंगी नळी लोंबत होती.

नातीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तसाच चिखलाच्या बुटांनी शाळेत धावलो आणि दार उघडून म्हणालो, "मी तार तोडली."

"आजोबा, हळू. तास चालू आहे," नात म्हणाली. "आणि बूट काढा."

पडद्यावर शिक्षिका अपूर्णांक समजावत होती. तिला काही पत्ताच नव्हता. अधिकारी बाई एकदा माझ्याकडे, एकदा पडद्याकडे बघत राहिल्या. "हे म्हणतात तार तुटली. मग हे चालतंय कसं?"

मागच्या बाकावर हिल्क्का फोनवर आलेली सूचना वाचत होती. "पूल बंद आहे," ती शांतपणे म्हणाली. "टपाल उलटीकडून येतंय."

पूर्ण तासात चित्र एकदाही थिजलं नाही. जाताना बाई म्हणाल्या, "शाळा राहील," आणि सातही मुलं बाकांवर चढली. मी मोज्यांवर उभा होतो. इतका हरून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

नळी जोडायला सगळं गाव आलं. कुणीतरी माझ्या हातात फावडं दिलं.

ख्रिसमसला सौना तयार झाला. पहिली वाफ घरच्या मालकाने घ्यायची असते. मी हिल्क्काला बोलावून दार उघडून दिलं.

"पाया छान झालाय," ती म्हणाली. "कुठे खणायचं ते विचारलं असतंस, तर चार दिवस आधी झाला असता."