भोपळ्यावरची भुरी

सकाळी लाल भोपळ्याच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग दिसले. भुरीच ती. वेलीवर मी एकच फळ राखलंय. ते आत्ताच माझ्या कवेत मावत नाही आणि अजून महिनाभर तरी वाढायचंय. पानं गेली तर वाढणार कशावर?

नवी नवरी होते तेव्हा असल्या डागांना मी दृष्ट समजले. वेलीला काळी बाहुली बांधली, भोपळ्याकडे बोट दाखवलं म्हणून धाकट्या नणंदेशी अबोला धरला, पण रोगट पान तोडायला हात धजेना. वेल वाळली, बाहुली तेवढी ठणठणीत राहिली. काय ध्यान होते मी!

आज सरळ कात्री घेतली. डागाळलेली पानं कापून लांब पुरली, उरलेल्यांवर पातळ ताक फवारलं.

"अगं, वेलीची हजामत चालवलीस की काय?" ओट्यावरून आमचे हे म्हणाले.

"तुमच्या डोक्यावर काही उरलं नाही, म्हणून वाचलात!"

जपायचं म्हणजे नुसतं कुरवाळायचं, असं तेव्हा वाटायचं. जपणाऱ्याला वेळेवर कठोरही होता यावं लागतं.

उद्या पुन्हा डाग दिसतील. दिसू देत. देठ सुकून भोपळा हाती येईपर्यंत मी रोज उजाडताच वेलीपाशी उभी असणार आहे, चष्मा लावून.